नाकपेन

मिरजेतल्या एका शाळेत प्रमोद शिंत्रे सरांनी नोकरीभर मुलांना एकच गोष्ट शिकवली: न हलता उभं राहणं. लेझीम, खो-खो, सूर्यनमस्कार हे सगळं वेळापत्रकात होतं म्हणून होतं. सरांचा खरा विषय 'सावधान'. एकदा सावधान म्हटलं की नाकावर माशी बसली तरी हात वर जाता कामा नये. ज्याचा जाई त्याला ते झेंड्याच्या खांबाशेजारी उभं करत आणि बाकीच्यांना सांगत, "नीट बघून घ्या. ह्याला माशीनं हरवलंय." अशी माशीकडून हरलेली बहुतेक मुलं पुढे बरी निघाली. दोघे नगरसेवक झाले, म्हणजे सगळीच नाही.

निवृत्तीनंतर सरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. त्याबद्दल त्यांची फारशी कुरकुर नव्हती. ठरलेल्या वेळी जायचं, ठरलेल्या खुर्चीत बसायचं आणि यंत्र रक्त धुऊन देईपर्यंत हात हलवायचा नाही, हे त्यांच्या तत्त्वांना धरूनच होतं. त्यांना हरवलं ते खाजेनं.

ही साधी खाज नव्हे. हिला पुरळ नाही, गांध नाही, डॉक्टरला दाखवायला जागा नाही. ती कातडीच्या खालून येते आणि खाजवलं की शेजारी सरकते. सरांनी आधी नखं वापरली, मग कंगवा, मग उलथनं. पुढे पुढे ते स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून म्हशीसारखे घासत उभे राहू लागले. चौकटीचा रंग गेला, पाठीचं कातडं गेलं, झोप तर आधीच गेली होती. खाज तेवढी राहिली. त्यांच्या पत्नी माधुरीबाई त्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चौकट पुसायचं फडकं वेगळं ठेवलं होतं. त्याचे डाग निघत नसत.

"माधुरी," सर एकदा चहा घेताना म्हणाले, बातम्यांबद्दल बोलावं तशा आवाजात, "हे असंच राहणार असेल तर मी मशीन बंद करतो. आठवड्याभरात सुटेन म्हणतात."

"चहा निवतोय," माधुरीबाई म्हणाल्या. पण त्यांनी ऐकलं होतं, आणि सर पोकळ धमकी देणाऱ्यांतले नव्हते हे मिरजेतल्या दोन पिढ्यांना माहीत होतं.

घरात खाज सुटणारं आणखी एकजण होतं. बिगुल. आई लॅब्रॅडॉर, वडील बहुधा मागच्या गल्लीतले. सरांनी त्यालाही सावधान शिकवलं होतं: तो ताठ बसायचा, कान टवकारायचा आणि 'विश्राम' ऐकेपर्यंत शेपटीसुद्धा हलवायचा नाही. शाळेत असं एकही मूल मिळालं नाही, अशी सरांची खंत होती. बिगुलला गाजर गवताची अॅलर्जी होती. त्याचे परागकण अंगाला लागले की पोट लाल व्हायचं, कान रक्ताळायचे. पण कुत्र्यांच्या खाजेचा प्रश्न विज्ञानाने तोवर सोडवून टाकला होता. माणसांच्या खाजेवर समिती बसली होती.

हे जरा समजून घ्यायला हवं. खाज ही कातडीची गोष्ट वाटते, पण ती निरोपाची गोष्ट आहे. शरीराच्या बंदोबस्ताला असलेल्या पेशींना काही परकं दिसलं की त्या एक प्रथिन रक्तात सोडतात. ते प्रथिन म्हणजे निरोप्या. तो मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन बसतो, मज्जातंतू मेंदूला कळवतो, मेंदू पंजाला हुकूम सोडतो: खाजव. अॅलर्जी झालेल्या कुत्र्यात ह्या पेशी निरुपद्रवी परागकणाला शत्रू समजून निरोप्यांची रांग लावतात. मूत्रपिंडं गेलेल्या माणसात तर शत्रूही नसतो. तरी निरोपे फिरतच असतात.

कुत्र्यांसाठी कंपनीने ह्या निरोप्याला वाटेतच धरणारं प्रतिद्रव्य बनवलं होतं. महिन्याला एक टोचणी, खाज बंद. कंपनीने दिलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. मिरजेत सगळे त्याला नाकपेन म्हणत, कारण त्याचं कुलूप कुत्र्याच्या नाकाने उघडायचं. माणसाच्या अंगठ्यासारखा कुत्र्याच्या नाकाचा ठसा वेगळा असतो. ज्याचं पेन, त्याचंच नाक. शिवाय गळपट्ट्यातली बारीक सुई कुत्र्याच्या अंगातलं ते प्रथिन मोजत राही. आकडा रेघेच्या वर असेल तरच दिवा हिरवा. औषधाचा गैरवापर होऊ नये म्हणून कंपनीने एवढी काळजी घेतली होती. गैरवापर कोण करणार, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं.

ते डायलिसिसच्या वॉर्डात कळलं.

सरांच्या शेजारच्या खुर्चीत दस्तगीर नदाफ बसायचे. शिंपीकाम केलेले, हसरे. त्यांची खाज सरांपेक्षा वाईट होती. आणि एका सोमवारी ते नुसते बसले होते. दोन्ही हात मांडीवर, शांत. सरांना यंत्राला जोडत असताना त्यांनी माधुरीबाईंना खुणेनं बोलावलं.

"वहिनी, तुमच्याकडं कुत्रं हाय न्हवं?"

"आहे की."

"खाजरं?"

"आता कुत्रं म्हटल्यावर…"

"मग देवानं दिलंय तुम्हाला," दस्तगीरभाई हळूच म्हणाले. "माझ्या भाच्याचं कुत्रं. नाक त्याचं, दंड माझा. लेकरावानी झोपतोय बघा."

"दस्तगीरभाई, ते कुत्र्याचं औषध आहे."

"वहिनी, मी वर्षभर कुत्र्यागतच खाजवत होतो. कुणी इचारलं का?"

त्या पावसाळ्यात मिरजेत श्वानप्रेम एकदम वाढलं. ज्यांनी जन्मात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्यांच्या सोफ्यांवर कुत्री दिसू लागली. गुळगुळीत, निरोगी पिल्लांना कुणी विचारेना. लूत भरलेली, कान ओघळणारी कुत्री लोक हातोहात नेत. प्राणिमित्रांच्या संघटनेने समाधान व्यक्त केलं.

माधुरीबाई जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर तनुजा आरवाडे ह्या सर-बाई दोघांच्याही विद्यार्थिनी. विज्ञानात पहिली, माशीकडून एकदा हरलेली.

"या बाई. बिगुल बरा आहे ना?"

"बरा आहे. तनुजा, एक विचारायचं होतं. समजा ते पेन चुकून एखाद्या माणसाला…"

"आज सकाळपासून 'चुकून' विचारणाऱ्या तुम्ही तिसऱ्या." तनुजाने दार लोटून घेतलं आणि कागदावर एक बेचकी काढली. "हे प्रतिद्रव्य असं असतं. वरची दोन टोकं निरोप्याला पकडतात. ती कुत्र्यात चालतात, माणसातही चालतात. खालची मूठ मात्र कुत्र्याची आहे. माणसाच्या शरीराला ती परकी. पहिल्या वेळी शरीर गाफील असतं, म्हणून औषध मस्त लागू पडतं. दुसऱ्या वेळी ते ओळखतं. तिसऱ्या वेळी ते वाटच बघत असतं."

"मग काय होतं?"

"घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. इस्पितळ गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. आणि सरांसारख्या माणसाला तर…"

"मी सरांचं नाव घेतलं नाही."

"नाही घेतलंत," तनुजा म्हणाली.

"माणसाची मूठ लावलेलं औषध नाही का?"

"आहे की. पण किडनीच्या रुग्णांसाठी मंजूर नाही. त्यांना चाचणीतून वगळलं होतं."

"का?"

"ते मध्येच मरतात. आकडेवारी बिघडते." तनुजाने कागद चुरगळला. "आणि बाई, ते पेन बिगुलचं आहे. त्यानं काय करायचं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माधुरीबाईंना येत नव्हतं. वर्गात असा प्रश्न आला की त्या 'पुढच्या तासाला बघू' म्हणत. त्यांनी मनात तेच म्हटलं आणि घरी जाऊन फ्रिजमधून दुधाच्या पिशवीमागचं पेन काढलं. बिगुलने नाक टेकवलं. दिवा हिरवा झाला. बिगुल सवयीने पाठ वळवून उभा राहिला, टोचून घ्यायला. माधुरीबाईंनी त्याच्यापुढे एक बिस्कीट टाकलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

"लोहाचं नवीन इंजेक्शन आहे," त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी दंड पुढे केला. डायलिसिसचा रुग्ण सुयांची चौकशी करत नाही.

दोन दिवसांत सर झोपले. नुसते झोपले नाहीत, घोरले. माधुरीबाई दारात उभ्या राहून ते घोरणं ऐकत राहिल्या. लग्नानंतर त्याच घोरण्यापायी त्यांनी वेगळ्या खोलीची मागणी केली होती. सर मैदानावर फिरायला जाऊ लागले, पेपरातलं शब्दकोडं बॉलपेनाने सोडवू लागले, चौकटीला रंग लावायला माणूस आणा म्हणाले.

बिगुल मात्र पोट फरशीवर घासू लागला. मागच्या पायाने कान असा खाजवायचा की नखं हाडावर वाजावीत. सर म्हणायचे, "सावधान!" आणि बिगुल थांबायचा. ताठ बसायचा. कातडी नुसती थरथरत राहायची, पाण्यावर वारा आल्यासारखी.

"बघ," सर माधुरीबाईंना म्हणत. "औषधबिषध सगळं ठीक आहे. शेवटी शिस्त."

माधुरीबाई भाजी चिरत राहायच्या.

महिना संपला, खाज डोकावू लागली आणि नवं पेन आलं. पण दिवा लाल. झालं असं की गणपतीच्या मंडपासाठी महापालिकेने मैदान तासून काढलं होतं. वर्षानुवर्षं मागणी होती ती, नेमकी तेव्हा पुरी झाली. गाजर गवत गेलं, बिगुलचं पोट सुकलं, आकडा रेघेच्या खाली आला. कुत्रं बरं झालं होतं. त्यामुळे पेन उघडेना.

सर पुन्हा चौकटीशी उभे राहिले. ओला रंग त्यांच्या सदऱ्याला लागला.

माधुरीबाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या. नाल्याच्या कडेला गाजर गवत अजून होतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. त्या वाकून ते खुडत असताना शेजारच्या हेर्लेकर वहिनी तिथून गेल्या.

"दूर्वा का हो?"

"हो," माधुरीबाई म्हणाल्या.

"छान जुड्या होतील," हेर्लेकर वहिनी म्हणाल्या आणि पिशवीत न बघता निघून गेल्या.

माधुरीबाईंनी ते गवत बिगुलच्या गोधडीखाली अंथरलं. तो त्यावर विश्वासाने झोपला. चार-पाच दिवसांत आकडा चढला. विज्ञानाची शिक्षिका म्हणून माधुरीबाईंना एवढं मान्य करावं लागलं की प्रयोग बरोबर आला. त्यांच्या स्वतःच्या बोटांनाही पुरळ आलं होतं. ते त्यांनी खाजवलं नाही.

दुसऱ्या टोचणीनंतर सरांचा ओठ सुजला. संध्याकाळपर्यंत उतरला. झोप पुन्हा आली, पण ह्या वेळी थोडकी, दोनच आठवडे. आणि एक नवीन गोष्ट झाली. बिगुलने हात चाटला की सरांच्या हातावर जिभेच्या आकाराची लाल गांध उठू लागली.

त्याच आठवड्यात दस्तगीरभाईंची खुर्ची रिकामी दिसली.

"हार्ट," तिथला तंत्रज्ञ म्हणाला आणि यंत्राची नळी तपासू लागला. वॉर्डात त्या पावसाळ्यात हार्ट पुष्कळ झाले. घरचे हार्ट सांगत, डॉक्टर हार्ट लिहीत. कुत्र्याचं नाव कुणी घेत नसे.

घरी परतल्यावर सरांनी ऊन पडलं म्हणून बिगुलची गोधडी वाळत घालायला उचलली.

"हे काय आहे?"

"दूर्वा," माधुरीबाईंच्या तोंडून गेलं.

"माधुरी, शाळेचं मैदान मी सगळी नोकरी पोरांकडून उपटून घेतलंय. मला गवत कळतं."

मग माधुरीबाईंनी सांगितलं. बेचकी, मूठ, नाक, लोहाचं इंजेक्शन, सगळं. वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने त्यांना सांगता आलं नसतं. सर गोधडी हातात धरून ऐकत होते. बिगुल त्यांच्या पायाशी बसून कान खाजवत होता, आणि त्यांनी बघितल्याबरोबर थांबला. आपणहून. ताठ.

"मी ह्याला सावधान म्हणत होतो," सर म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"ह्याला माहीत होतं." त्यांनी गोधडी झटकली. "ह्या महिन्याचं पेन आलंय?"

आलं होतं. सरांनी स्वतः ते बिगुलच्या नाकाला लावलं आणि बिगुलच्याच मानेत टोचलं. बिगुलला इतकं नवल वाटलं की त्याने मागे वळून पाहिलं. मग सरांनी 'विश्राम' म्हटलं आणि साबणाने हात धुतले, कारण टोचण्याआधीच माधुरीबाईंनी लावलेल्या फोनवर तनुजाने स्पष्ट सांगितलं होतं: ह्यापुढे बिगुलची लाळसुद्धा सरांना चालणार नाही, कुत्रं दुसरीकडे द्या.

द्यायला घरं पुष्कळ होती. दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या एका पेशंटचा मुलगा पेढे घेऊन आला. बिगुलचं पोट उलटसुलट बघून म्हणाला, "हा फारच साफ दिसतोय हो काका. खाजतं ना ह्याला चांगलं?"

"नाही," सर म्हणाले. "अजिबात नाही. पेढे घेऊन जा."

बिगुल गॅलरीत राहिला, जाळीच्या पलीकडे. सर जाळीच्या अलीकडे. पहिले काही दिवस सर प्रसन्न होते. माणसाने एखादी चांगली गोष्ट केली की तिची ऊब आठवडाभर पुरते. बिगुलच्या पोटावर केस येऊ लागले. सर जाळीतून त्याला दाखवून म्हणत, "बघ, गडी कसा चकाकतोय."

मग खाज आली. मागच्यापेक्षा मोठी, जणू मधल्या महिन्यांची रजा भरून काढायला. सरांनी ठरवलं की आता आपण सावधान. ते दिवाणखान्यात ताठ उभे राहिले, मुठी बंद, अंगठे शिवणीला. घामाने निथळत उभे राहिले. माधुरीबाई घड्याळ न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. चहाला आधण येण्याच्या आत सरांचा हात मानेवर गेला. नंतर दुसरा. नंतर ते खाली बसले आणि टेबलाच्या कडेला पाठ घासू लागले, आणि त्यांच्या तोंडातून असा आवाज येऊ लागला की गॅलरीत बिगुल उभा राहिला.

बिगुलला एक गोष्ट शिकवली गेली होती, कुणी मुद्दाम न शिकवता. सर असे आवाज करू लागले की दुधामागून पेन निघतं, नाक टेकवायचं असतं, आणि मग सर शांत होतात. तो जाळीला नाक लावून उभा राहिला. तसाच उभा राहिला.

"माधुरी," सर म्हणाले.

"काय हो?"

"दूर्वा आण."

माधुरीबाईंना पहिल्यांदा वाटलं की आपण नीट ऐकलं नाही. "गणपती जाऊन महिना झाला."

"माहीत आहे."

"तनुजा काय म्हणाली आठवतंय ना? आणि दस्तगीरभाई…"

"दस्तगीर गेला तेव्हा खाजवत होता का झोपला होता, एवढं विचारून ये कुणाला तरी." ते हसले. बरं हसू नव्हतं ते. "मला आठवडा पुरे. नाही मिळाला तरी चालेल. नाहीतर सोमवारपासून मी मशीनला जात नाही. तू काय ते बघ."

"आणि बिगुल?"

सर जाळीकडे बघत नव्हते. ते टेबलाच्या पायाकडे बघत होते.

"त्याला जमतं," ते म्हणाले. "मला नाही जमत."

माधुरीबाई पिशवी घेऊन निघाल्या. नाल्याच्या कडेला एकही काडी नव्हती. मैदानाच्या कुंपणाशी नव्हती, शाळेच्या मागे नव्हती. ज्या गवतापुढे कृषी खात्याने वर्षानुवर्षं हात टेकले होते, ते मिरजेतून साफ नाहीसं झालं होतं. रेल्वेच्या कुंपणापलीकडे थोडं शिल्लक होतं. तिथे हेर्लेकर वहिनी वाकलेल्या होत्या. त्यांच्याही हातात पिशवी होती. त्यांच्या सासऱ्यांना उन्हाळ्यापासून डायलिसिस लागलं होतं, हे माधुरीबाईंना आत्ता आठवलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"दूर्वा," हेर्लेकर वहिनी म्हणाल्या.

"हो," माधुरीबाई म्हणाल्या, आणि पलीकडच्या बाजूने खुडू लागल्या.

गॅलरीत त्यांनी गोधडी उचलली, गवत पसरलं, गोधडी पुन्हा टाकली. बिगुलला तो वास आता ओळखीचा होता. त्याने एकदा माधुरीबाईंकडे पाहिलं, मग जाळीपलीकडच्या सरांकडे पाहिलं. कुणी काही म्हणायच्या आत तो जाऊन त्या गोधडीवर बसला.

आधीच्या डोसाचा अंमल ओसरायला आणि आकडा चढायला वेळ लागला. तोवर पुढचं पेन आलं आणि सरांनी टेबलाचीही कड घासून पांढरी केली. ज्या दुपारी गळपट्ट्याचा आकडा रेघेच्या वर गेला, त्या दुपारी माधुरीबाईंनी आधी रिक्षा बोलावली आणि दारात उभी करून ठेवली. इस्पितळ जवळ होतं. किती जवळ, ते त्यांनी मनात मोजायचं टाळलं.

बिगुलचं पोट पुन्हा लाल झालं होतं, एका कानाचं टोक सोललं होतं. त्याने पेनाला नाक टेकवलं. दिवा हिरवा झाला. माधुरीबाईंनी बिस्कीट पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. तो जाळीतून सरांकडे बघत ताठ बसून राहिला. कातडी थरथरत होती, पंजा जागचा हलला नाही.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. "बाई, किती वेळ ओ अजून?"

"आलेच," माधुरीबाई म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या.

सर खुर्चीत बसले होते. पाठ सरळ, नजर समोर, बाही वर सारलेली. दंड पुढे केलेला होता आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा हात अजिबात हलत नव्हता.